येऊ द्या

बारामतीच्या स्टँडवर खिडकीची जागा मिळाली म्हणून दिपाली मनातल्या मनात अजून नाचत होती, तेवढ्यात शेजारच्या बाईच्या मोबाइलमधून तिच्या वडिलांचा, तात्यांचा, आवाज आला. म्हणजे आधी गाणं आलं. ट्रक, टेम्पो, गाड्या मागं घेताना वाजतं ना, ते पिपाणीसारखं, रडक्या सुरातलं गाणं. ते तिला पाठ होतं. कालपासून सगळ्या शाळेला पाठ होतं. त्या गाण्यावर एक पोरगी हॉकीची काठी जमिनीला टेकवून, गुडघ्यांत वाकून, मागं मागं मागं जाते आणि तिच्या पुढ्यात दुसऱ्या शाळेची लांब वेणीची पोरगी चेंडू घेऊन येते, एवढंच त्या व्हिडिओत होतं. खाली कुणीतरी लिहिलेलं, 'रिव्हर्स गिअर ताई.' त्याच्या खाली दुसऱ्यानं, 'हिला खो-खोत घाला, पळती झकास.' शेजारच्या बाईच्या मांडीवर मेथीची जुडी होती आणि जुडीवर मोबाइल. ती एकटीच खुदखुदली, मग एकटीनं हसायला बरं वाटेना म्हणून दिपालीकडं वळून म्हणाली, "बघ गं बाई. ही काय ही. मागं मागंच पळती. हिच्यापेक्षा आमची म्हस बरी, निदान शिंगं तरी उगारती." दिपालीनं स्कार्फ बांधला होता, डोळे सोडून सगळं तोंड झाकलेलं, म्हणून वाचली. ती "हूं" म्हणाली. आणि त्याच वेळी गाण्याच्या खालून, लोकांच्या शिट्ट्यांच्या खालून, एक फाटका आवाज वर आला, "दिपेऽऽ! मागं नको! मागं नको जाऊ! पुढं हो, पुढं हो!"

बाईनं व्हिडिओ बंद केला आणि पिशवीत शेंगा आहेत का ते चाचपायला लागली. गाडी सुटली. कंडक्टर आला, दिपालीनं पास दाखवला, तो पुढं गेला, आणि तरी तो आवाज तिच्या कानात तसाच चिकटून बसला होता. शंकाच नव्हती. 'दिपे' म्हणताना शेवटी असा हेल काढणारं माणूस जगात एकच होतं. पण तात्या तर काल कारखान्यावर खेप घेऊन गेले होते. सकाळी तेच म्हणाले होते. म्हणजे ट्रॅक्टर, मागच्या दोन्ही उसानं भरलेल्या ट्रॉल्या, सगळं धूड रस्त्याला उभं करून तात्या मैदानावर आले, कुठंतरी गर्दीत उभे राहिले, आणि लेकीला मागं जाताना बघून ओरडले. आणि रात्री जेवताना त्यांनी काय विचारलं? "जिकला व्हय?" ती म्हणाली, "व्हय." ते म्हणाले, "बरं झालं," आणि भाकरी मोडली. बस्स. तिला आता ती भाकरी मोडतानाची बोटं आठवली. जरा जास्तच जोरात मोडली होती का? मान खाली होती का? तिच्याकडं बघत नव्हते का? 

खरं सांगायचं तर शाळेत तिनं या व्हिडिओचा पार चुरा केला होता. मधल्या सुट्टीत पोरी ते गाणं गुणगुणायला लागल्या, तेव्हा दिपाली स्वतःच उठली, दप्तर पाठीला लावलं, तोंडानं ते पिपाणीचं गाणं वाजवत फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत उलटी चालत गेली आणि शेवटच्या बाकावरच्या सुयोगच्या पायावर पाय देऊन म्हणाली, "सॉरी हां, आरशात दिसला नाहीस." वर्ग फुटला हसून. नववीपर्यंत बाई नाव विचारायच्या तर हिच्या घशातून आवाज निघत नसे, आणि दहावीत ही अशी. हॉकीनं केलं सगळं. काठी हातात आली आणि अंगात कुणीतरी दिवा लावला. तो दिवा एका फाटक्या आवाजानं असा फडफडावा? लोक काय, लोक म्हणोत. गावोगावच्या आखाड्यांत कुस्त्या बघून तयार झालेले डोळे ते. समोरासमोर उभं राहायचं, अंगाला अंग भिडवायचं, एक पाठीवर पडला की दुसऱ्याला फेटा. त्यांना वाटतं, जो मागं सरला तो हरला. त्यांना तिनं माफ करून टाकलं होतं. पण तात्या? तात्याच म्हणत असतील तर?

आणि नेमकं आजच ज्ञानेश सरांनी तिला ऑफिसबाहेर थांबवलं होतं. सर वाईट नाहीत. सरांच्या मोबाइलवर दिवसभर तोच व्हिडिओ येत होता, एवढंच. "दिपाली, काल आपण जिंकलो, मान्य. तुझ्या बाजूनं एक गोल झाला नाही, तेही मान्य. पण कसं दिसतं ते? सगळे विचारतात, सर, फुलबॅकला, ऐन गोलच्या तोंडाशी, असली भित्री पोरगी का ठेवली?" ती म्हणाली, "सर, गोल झाला नाही ना." सर म्हणाले, "नशीब दरवेळी नसतं. उद्या इंदापूरला फायनल आहे. अंगावर जायचं. चेंडू दिसला की तुटून पडायचं. मागं सरलेली दिसलीस की राजेश्वरीला उतरवणार, आणि मग पुढंही तीच खेळेल. कळलं?" तिला कळलं. राजेश्वरी पणदऱ्याची, दणकट, काठी अशी फिरवते की स्वतःच्याच टीममधल्या पोरी लांब पळतात. लोकांना ती फार आवडते. मघाशी गाडीत बसताना दिपालीनं ठरवून टाकलं होतं की उद्या आपलं आपण बघू, सरांना नंतर पटवू, गोडीनं. आता सणसर आलं, कारखान्याचा मळीचा आंबट वास खिडकीतून आत आला, आणि ते सगळं ठरवलेलं वासासारखंच उडून गेलं.

कारण तिच्या मनात कधीपासून एक बारीक शंका होती आणि ती तिनं कुणालाच, गोलकीपर प्राचीलासुद्धा, सांगितली नव्हती. मागं जाताना तिला भीती वाटते. खरोखरची. समोरची पोरगी धावत आली की तिच्या तळपायांना आधी कळतं, मग पोटऱ्यांना, मग जीभ टाळूला चिकटते. आणि मग पाय आपोआप मागं पडतात. ती कुणी शिकवलेली युक्ती नाही. पुढं काय होतं ते तिला ठाऊक आहे. समोरचीला वाटतं, रस्ता मोकळा आहे. ती पळते. दिपाली जरा तिरकी सरकते, म्हणजे मधला रस्ता बंद आणि कडेचा उघडा. समोरची कडेला जाते, अजून कडेला, तिला समोरचा गोल तिरका, बारीक दिसत जातो. घाईत कधीतरी ती चेंडू काठीपासून हातभर पुढं सोडतेच. तेवढा एक क्षण. त्या क्षणाला चेंडू कुणाचाच नसतो. दिपाली वाट बघत असते ती त्याची, काठी आधीच जमिनीला लागलेली असते, टक्, झालं. आरडा नाही, धडक नाही, धूळसुद्धा उडत नाही. म्हणून लोकांना वाटतं, समोरचीच चुकली. हे सगळं तिला चांगलं कळतं. पण हे शहाणपण आधीचं की भीती आधीची? भीतीनंच पाय मागं घेतले असतील आणि शहाणपण नंतर येऊन वर पांघरूण घालत असेल, तर? मग व्हिडिओखाली लिहिणारे खरे. मेथीवाली बाई खरी. तात्या खरे.

आणि तात्यांनी मागं जाण्याची लाज धरावी? हसण्यासारखी गोष्ट म्हणजे, मागं जाण्याबद्दलच तर तात्यांचं पंचक्रोशीत नाव होतं. यात्रेत ट्रॅक्टर रिव्हर्सच्या स्पर्धा लागतात. मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा ओढायच्या, हॉकीच्या मैदानावर ओढतात तशाच, आणि त्या दोन रेषांच्या बोळातून ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर उलटा न्यायचा, रेषेला चाक लागता कामा नये. पुढं काय कुणीही चालवतं. मागं घेताना स्टिअरिंग डावीकडं वळवलं की ट्रॉली उजवीकडं जाते, आणि जरा जास्त वळलं की ट्रॉली दुमडून ट्रॅक्टरलाच येऊन भिडते. तात्या सीटवर अर्धवट वळून बसायचे, एक हात मागच्या मडगार्डवर, डोक्याला रुमाल, चेहऱ्यावर असा भाव की जणू म्हशीचं दूध काढतायत. लाऊडस्पीकरवरचा माणूस किंचाळायचा, "कळंबचे दादासो! बघा मंडळी, मागं घ्यावं तर असं!" आणि माणसं टोप्या उडवायची. लहानगी दिपाली सारजाआत्याच्या खांद्यावर बसून टाळ्या पिटायची. तीच माणसं. त्यातलीच कितीतरी माणसं काल मैदानावर असणार. ट्रॅक्टर मागं गेला की टोप्या उडतात आणि पोरगी मागं गेली की शिट्ट्या. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. 

मागं कसं जायचं हे तिला कुणी शिकवलं असेल तर ते त्या ट्रॉलीनं. ती चौथीत होती. उसाच्या फडात रिकामी ट्रॉली मागं घ्यायची म्हणजे एका बाजूला पाण्याची चारी, दुसऱ्या बाजूला बांध, आणि मधून ट्रॉली जेमतेम मावते. तात्यांना फाळक्यामागचं, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या लोखंडी झडपेपलीकडचं, काही दिसायचं नाही. मग दिपाली ट्रॉलीच्या मागं उभी राहायची, ट्रॉलीकडं तोंड करून, आणि ट्रॉली जशी येईल तशी स्वतः मागं मागं चालत ओरडायची, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..." आणि जागा आली की, "हां, बास!" तात्यांनी एकच नियम शिकवला होता. "बोलत ऱ्हायचं. तुझा आवाज थांबला की मी थांबनार. बास म्हण नायतर नको म्हणू. आवाज थांबला की ब्रेक." तिला हे काम फार आवडायचं आणि त्याची फार भीती वाटायची, दोन्ही एकदम. फाळका एवढा मोठा, गंजका, वर यायचा तसं आभाळ झाकायचा. फाळक्याकडं बघितलं की पाय थिजायचे. मग तिचं तिलाच कळलं की फाळक्याकडं बघायचं नाही, चाकाकडं बघायचं. चाक खरं बोलतं. आणि एक दिवस उसाच्या बुडख्याला टाच अडकली. ती पाठीवर पडली. वर आभाळ नव्हतंच, फाळका होता. तिला ओरडायचं होतं, 'बास' एवढा एकच शब्द, पण तो घशात वाळून गेला. ती गप्प पडून राहिली. आणि ट्रॉली थांबली. चाक एवढं जवळ थांबलं की त्याच्या नक्षीत अडकलेलं पाचट तिला दिसत होतं. मग तात्या आले. डिझेलचा वास, धुरळा, त्यांनी तिला बखोटीला धरून उचललं आणि पार पुढं, इंजिनाच्या पुढं नेऊन उभं केलं. त्यांचं तोंड हलत होतं. इंजिन चालूच होतं, ते काय ओरडत होते ते तिला अजिबात ऐकू आलं नाही. नुसतं तोंड हलताना आठवतं. त्या दिवसापासून त्यांनी तिला ट्रॉलीमागं उभं केलं नाही. तिला वाटलं, मी पडले, मी गप्प बसले, माझ्यावरचा विश्वास गेला.

जंक्शनला मेथीवाली बाई उतरली. जाताना म्हणाली, "नीट जा गं, लई पाठ मोडतीया त्या पिशवीनं." पिशवीत काठी होती. दिपाली कळंबला उतरली तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं आणि दारात तात्या ट्रॉलीचा दोर आवळत होते. सारजाआत्या शेळीला पाला टाकत होती. आत्याचं लग्न मोडल्यापासून ती इथंच असते आणि घरातलं खरं बोलायचं खातं तिच्याकडं आहे.

"उद्या इंदापूरला फायनल हाय," दिपाली म्हणाली.

"ठाव हाय," तात्या दोराकडं बघत म्हणाले.

"येणार का?"

"खेप हाय."

"आरं दादा, जा की," आत्या म्हणाली. "गावातली रिकामी टाळकी जात्यात बघाय आन् बाप न्हाय व्हय? का ट्रॅक्टरला इच्यारावं लागतं?"

"मला त्यातलं काय कळतंय?"

"कळाय काय लागतंय? टाळ्या वाजवायच्या. यात्रेत तुझ्यासाठी आमी वाजवत न्हवतो? आमाला काय कळत हुतं?"

तात्या हसले नाहीत. दिपाली दप्तर खांद्यावरच ठेवून उभी राहिली. विचारायचं होतं, तुमी काल आला हुता का. ते विचारलं असतं तर दुसरं विचारावं लागलं असतं. तिनं स्कार्फची गाठ सोडली, परत बांधली, आणि एकदम तोंडातून भलतंच निघालं. "तात्या, मी भित्री हाय का वो?"

तात्यांचा हात थांबला. "कोन म्हनतं?"

"लोक."

"लोकांला काय हुतंय बोलाय." त्यांनी टायरवर लाथ मारून हवा बघितली. मग दुसऱ्या टायरवर. मग तिच्याकडं न बघता, जड आवाजात म्हणाले, "पन तू मागं नको जात जाऊ, दिपे."

पायाखालची वाळू सरकली म्हणतात ते तिला तेव्हा कळलं, आणि तिथं वाळूसुद्धा नव्हती, नुसतं सारवलेलं अंगण होतं. तिनं "बरं" म्हटलं. आईनं हाक मारली, ती आत गेली, चहात चपाती बुडवून खाल्ली, आणि ती तोंडात तशीच लगद्यासारखी राहिली.

सकाळी इंदापूरच्या मैदानावर ती गेली ती ठरवूनच. आज अंगावर जायचं. भित्री नाही हे एकदा दाखवून द्यायचं, मग मरू दे ती हॉकी. मैदान मुरमाचं, कडेला दोर बांधलेले, दोराला माणसं टेकलेली. सामना सुरू व्हायच्या आधीच कुणीतरी मोबाइलवर ते रिव्हर्सचं गाणं लावलं, आणि हशा पिकला. प्राची गोलमधून हेल्मेटच्या जाळीआडून म्हणाली, "दिपे, तू तुझं कर हां. माझ्यापुढं तू असलीस की मला झोप येते, एवढं बरं वाटतं." दिपालीनं मान हलवली आणि प्राचीच्या डोळ्यांत बघितलं नाही. ती लांब वेणीची पोरगी ज्या शाळेची होती ती तर उपांत्य फेरीतच हरून बाद झाली, पण फायनलच्या टीममध्ये तिच्यापेक्षा वाईट एक होती. बुटकी, कानात निळे खडे, आणि पाय असे की मुरमावर वाजतच नव्हते.

ती पहिल्यांदा चेंडू घेऊन आली तेव्हा दिपालीच्या तळपायांना कळलं, पोटऱ्यांना कळलं, आणि तिनं त्यांना सगळ्यांना गप्प केलं. काठी वर घेतली आणि तुटून पडली. लोक ओरडले, "आता कशी! भिड, भिड!" अंगातून कसलीशी गरम लाट गेली. तिला क्षणभर खरंच वाटलं, अरेच्चा, हे तर सोपं आहे! निळ्या खड्यांनी नुसतं मनगट हलवलं. चेंडू दिपालीच्या काठीवरून टुणकन उडून पलीकडं गेला, पोरगी अलीकडून गेली, आणि पाठीमागं फळीवर धाड आवाज झाला. गोल. आणि सगळ्यात भीतीदायक गोष्ट पुढं घडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिपालीसाठी. "शाब्बास पोरी! गेला तर गेला, पन घाबरली न्हाय!" ज्ञानेश सरांनीसुद्धा लांबून अंगठा दाखवला. तिनं गोल खाल्ला होता आणि तिचं कौतुक चाललं होतं. तिला वाटलं आपण स्वप्नात आहोत, अशा स्वप्नात की जिथं माणसं आपल्याशी हसून बोलतात पण त्यांचे डोळे दुसऱ्याच कुणाकडं असतात. प्राची जाळ्यातून चेंडू काढत होती. दिपाली तिला मदत करायला म्हणून वळली, आणि तिनं बघितलं.

गोलच्या मागं, दोराला धरून, डोक्याला रुमाल बांधलेले तात्या उभे होते. खेप सोडून आले होते. त्यांचं तोंड हलत होतं. लोकांच्या टाळ्यांत, शिट्ट्यांत एक अक्षर ऐकू येत नव्हतं. नुसतं तोंड हलत होतं, चेहरा पांढरा, आणि डोळे तिच्यावर असे की जणू ती आत्ताच कशाच्यातरी खालून निघाली. हा चेहरा तिनं बघितला होता. डिझेलचा वास तिच्या नाकात आला, त्या मैदानावर, जिथं डिझेल नव्हतंच. फडातला तोच चेहरा. इंजिनाच्या आवाजात तेव्हा जे ऐकू आलं नव्हतं, ते आज तिनं ओठांवरून वाचलं. मागं नको. मागं नको जाऊ. पुढं हो. आज ती पुढंच गेली होती, तरी ओठांवर तेच. ते तर तेव्हाही हेच म्हणत होते. तिला उचलून इंजिनापुढं उभं करताना हेच. आणि परवा रस्त्यावर ट्रॅक्टर लावून, शिट्ट्यांच्या खालून, हेच. त्या आवाजात लाज नव्हती. ती ज्याला लाज समजून काल दुपारपासून जळत होती तो नुसता एका घाबरलेल्या माणसाचा आवाज होता. फाळक्यामागं पोरगी दिसत नाही आणि तिचा आवाज बंद झालाय. तेवढंच. वर्षानुवर्षं तेवढंच.

मध्यंतर झालं तेव्हा टीमनं एक गोल फेडला होता, बरोबरी होती, आणि सर सगळ्यांना साखरपाणी देत तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हीच पाहिजे होती दिपाली! फक्त जरा टायमिंग बघ." ती पेला तसाच ठेवून दोराकडं पळाली.

"तात्या."

"लागलं का कुठं?"

"न्हाय. ऐका. मी मागं येणार हाय."

तात्यांचा हात दोरावर आवळला. "दिपे, नको. त्या पोरी काठ्या घिऊन अंगावर येत्यात आन् तुझं ध्यान..."

"तात्या, मला मागचं दिसत न्हाय. गोल किती जवळ आला कळत न्हाय. तुमी गोलमागं उभं ऱ्हावा. आन् बोलत ऱ्हावा."

"मी काय बोलू? मला ह्यातलं काय कळतंय?"

"मी ट्रॉलीमागं बोलायची तेच."

 शेजारचा एक फेटेवाला म्हणाला, "आवो दादासो, ही रिव्हर्सवाली तुमची व्हय? सांगायचं की राव!" तात्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. शिट्टी झाली.

आणि दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलतात हे त्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. दिपाली पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली, मागं वळून बघितलं, तर गोलमागं नुसती अनोळखी माणसं, एक आइस्क्रीमची गाडी, आणि तात्या पार तिकडं, समोरच्या टोकाला, हातात दोर.  पहिल्यांदा निळे खडे आले तेव्हा ती मागं सरली, पण कशीबशी, आंधळ्यासारखी, आणि चेंडू नुसता तिच्या काठीला आपटून कडेला गेला. लगेच ते गाणं वाजलं. आता एकाच्या नाही, चार-पाच मोबाइलवर. "अरेरे, परत रिव्हर्स पडला!" "हॉर्न वाजीव, हॉर्न!" सर कडेला उठून उभे राहिले. "दिपाली! काय सांगितलं होतं? राजेश्वरी, ऊठ, तयार हो." राजेश्वरी उठली, पायांवरचं पॅड ठोकून बघितलं. दिपालीनं ते सगळं बघितलं. जीभ टाळूला चिकटली होती. आता एक वेळ फक्त. एकदा काय ते होईल आणि सर तिला बाहेर बोलावतील, आणि ती दोराबाहेर जाऊन बसेल, आणि सगळ्यांना वाटेल, बरं झालं.

निळे खडे मध्यरेषेवरून निघाले. एकटेच. बाकी सगळ्या पोरी तिकडं अडकलेल्या. मुरमावर पाय वाजत नव्हते. दिपालीच्या तळपायांना कळलं. तिनं त्यांना गप्प केलं नाही या वेळी. ये म्हणाली. भीतीला म्हणाली, ये बाई, तूही ये, पण चाकाकडं बघ, फाळक्याकडं बघू नको. काठी जमिनीला टेकवली, गुडघ्यांत वाकली आणि मागं निघाली. गाणं वाजत होतं. माणसं हसत होती. पोरीचं अंग डावीकडं झुकलं, खांदा उजवीकडं गेला, तो सगळा फाळका. दिपाली नुसता चेंडू बघत होती. पाठीमागं काय आहे, किती आहे, काही ठाऊक नव्हतं, पाठ उघडी होती, पाठीला सगळं आभाळ लागत होतं. आणि तेव्हा पाठीमागून, अगदी पाठीमागून, धापा टाकत, माणसांना ढकलत आलेल्या माणसाचा आवाज आला.

"येऊ दे."

मग परत, जरा सावरून. "येऊ दे... येऊ दे..."

कुणीतरी हसलं. "अवो, येऊ दे काय, अडीव म्हना!" आवाज थांबला नाही. एका लयीत, ट्रॉली मागं घेताना ती बोलायची त्याच लयीत, "येऊ दे... येऊ दे..." त्या आवाजावर ती मागं सरकत गेली, तिरकी, कडेकडेला, मधला रस्ता बंद करत, जशी चारी आणि बांध यांच्या मधून ट्रॉली जाते तशी. समोरच्या पोरीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. तिला गोल दिसत होता, पण तिरका दिसत होता, आणि ही समोरची बया काही करतच नव्हती. "येऊ दे..." आवाज जवळ येत होता. आवाज कापत होता. "येऊ दे... येऊ..."

आणि आवाज थांबला. घशात वाळून गेला.

दिपालीनं ब्रेक दाबला. जिथं होती तिथं, टाचा मुरमात रोवून, आहे तशी. ही अजून मागं जाणार असं धरून चाललेल्या पोरीनं तेवढ्यात चेंडू हातभर पुढं सोडला होता. त्या एका क्षणाला तो कुणाचाच नव्हता. टक्.

धूळसुद्धा उडाली नाही. चेंडू काठीवर येऊन बसला, कोंबडी खुराड्यात येऊन बसते तसा. तिनं तो शांतपणे पुढं ढकलला, टीमच्या पोरी तो घेऊन पळाल्या, आणि सगळं मैदान त्यांच्या मागं तिकडं ओरडत गेलं. दोराजवळ कुणीतरी म्हणालं, "त्या पोरीच्या हातनंच सुटला, न्हायतर गोलच हुता." एका मोबाइलवर ते गाणं अजून वाजतच होतं, बंद करायला कुणी विसरलं होतं. लांब कडेला सरांनी राजेश्वरीच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्यांनी चेंडूकडं बघितलं, दिपालीकडं बघितलं, आणि राजेश्वरीला खाली बसवलं.

दिपाली वळली. गोलचा खांब तिच्या टाचांपासून वीतभर अंतरावर होता. जाळ्याच्या पलीकडं तात्या उभे होते, दोन्ही हातांत दोर, तोंड उघडं, आणि त्यातून काही येत नव्हतं. चौथीत असताना तिच्या तोंडातून आलं नव्हतं तसं.  तिनं ओठांवरून जीभ फिरवली. घसा कोरडा होता, पण शब्द आला.

"हां," ती म्हणाली. "बास, तात्या. बास."